नकाशावरच्या पॉइंटांचा बाउंडिंग बॉक्स: सारखे सारखे येणारे प्रश्न

राजारामपुरीत बसून मी ऊसाच्या प्लॉटांचे, पूररेषेचे, डिलिव्हरीच्या रूटचे असले नकाशे करून देतो. फोनवर येणारे निम्मे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात, की हे एवढे पॉइंट आहेत, सगळे मावतील असा चौकोन काढायचा कसा, आणि काढला तर तो असा येडावाकडा का आलाय. प्रत्येकाला वेगळं टाईप करून बोटं दुखायला लागली म्हणून सगळं एका जागी टाकतोय. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला तर नंबर दिलाय, तिथं जाऊन वाचा.

१. बाउंडिंग बॉक्स म्हणजे नेमकं काय? साध्या भाषेत सांगा.

तुमच्याकडचे सगळे पॉइंट आत बसतील असा सगळ्यात लहान चौकोन, पण अट अशी की त्याच्या बाजू सरळ उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिमच पाहिजेत, तिरक्या चालणार नाहीत. (तिरका पाहिजे असेल तर प्रश्न १३.) म्हणून पूर्ण चौकोन फक्त चार आकड्यांत मावतो: सगळ्यात कमी अक्षांश, सगळ्यात जास्त अक्षांश, सगळ्यात कमी रेखांश, सगळ्यात जास्त रेखांश. पॉइंट पाच असोत नाहीतर पाच लाख, उत्तर चार आकड्यांचंच.

२. एकदा हातानं करून दाखवा की, कोड नको.

घ्या. पाच ठिकाणं, दोन दशांशापर्यंत, अंदाजे: अंबाबाईचं देऊळ १६.६९, ७४.२२. जोतिबा १६.७९, ७४.१८. पन्हाळा १६.८१, ७४.११. नरसोबाची वाडी १६.६९, ७४.६०. खिद्रापूर १६.७०, ७४.६९. पहिला आकडा अक्षांश, दुसरा रेखांश.

आता नुसत्या अक्षांशांवरनं बोट फिरवा. सगळ्यात कमी १६.६९, जास्त १६.८१. मग रेखांश, कमी ७४.११, जास्त ७४.६९. झालं, संपलं. पन्हाळ्यानं एकट्यानं उत्तरेची आणि पश्चिमेची अशा दोन बाजू दिल्या, पूर्वेची खिद्रापूरनं, आणि दक्षिणेची अंबाबाई आणि वाडीनं मिळून. जोतिबा आत आहे पण त्याच्यामुळं बॉक्समध्ये काहीच फरक पडला नाही, तो यादीतनं काढला तरी उत्तर तेच. हे लक्षात ठेवा, प्रश्न १४ मध्ये उपयोगी पडणार आहे.

आणि बॉक्सचे कोपरे म्हणजे खरे पॉइंट नव्हेत. वर-उजवीकडचा कोपरा १६.८१, ७४.६९, तिथं आपल्या यादीतलं काहीसुद्धा नाही.

३. कोडमध्ये लिहिलं तर खालचा अक्षांश कायम शून्यच येतोय, का?

कारण सुरुवातीला किमान = ० असं लिहिलंय. कोल्हापूरचा कुठलाच अक्षांश शून्यापेक्षा कमी नाही, त्यामुळं तुलना कधी खरी ठरतच नाही आणि शून्य तसाच बसून राहतो. गंमत अशी की कमाल = ० ठेवलेलं भारतात बरोबर चालतं, म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि मग कधीतरी अमेरिकेतल्या क्लायंटचा डेटा येतो, तिथं रेखांश सगळे उणे, की कमाल शून्यावर अडकलं.

दोन उपाय. पहिलाच पॉइंट चारही आकड्यांत भरा आणि दुसऱ्यापासून तुलना सुरू करा, किंवा किमान अनंत आणि कमाल उणे अनंत ठेवून सुरू करा. दुसऱ्या पद्धतीत यादी रिकामी असेल तर बॉक्स उलटा निघतो, म्हणून आधी यादी रिकामी आहे का बघा आणि असेल तर सरळ 'बॉक्स नाही' असं परत द्या. शून्य-शून्यचा बॉक्स देऊ नका, रिकाम्या यादीला बॉक्स नसतो.

जावास्क्रिप्टवाल्यांसाठी अजून एक, पूर्ण ॲरे तीन टिंबं लावून मॅथ डॉट मिनला देऊ नका, हजारभर पॉइंटला चालतं पण काही लाख झाले की कॉल स्टॅकची एरर येते. साधा लूप लावा.

४. आधी लॅटिट्यूड की आधी लाँगिट्यूड?

सगळ्यात जास्त मार इथं खाल्लाय लोकांनी, मी धरून. गूगल मॅपवर बोट दाबून धरलं की आकडे येतात त्यात आधी अक्षांश. लीफलेटमध्ये (वेबपेजवर नकाशा दाखवायची लायब्ररी) आधी अक्षांश. पण जिओजेसन आणि केएमएल या नकाशाच्या फाईल फॉरमॅटांत आधी रेखांश, लीफलेटसारख्याच मॅपबॉक्समध्येही आधी रेखांश.

बॉक्सच्या चार आकड्यांचा तर अजूनच गोंधळ. जिओजेसनचं स्टँडर्ड म्हणजे २०१६ चं आरएफसी ७९४६, त्यात क्रम पश्चिम, दक्षिण, पूर्व, उत्तर. पायथनच्या शेपली या भूमितीच्या लायब्ररीत पण तसाच. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा काढून देणाऱ्या ओव्हरपासमध्ये दक्षिण, पश्चिम, उत्तर, पूर्व. पत्त्यावरनं ठिकाण शोधणारं नॉमिनॅटिम देतं ते दक्षिण, उत्तर, पश्चिम, पूर्व, आणि तेही आकडे म्हणून नाही, स्ट्रिंग म्हणजे मजकूर म्हणून. असं का, हे विचारू नका. मी आपला कोडमध्ये चार आकड्यांचा ॲरे कधी ठेवतच नाही, चौघांना नावं देतो आणि ज्याला जसा पाहिजे तसा शेवटच्या क्षणी लावून देतो.

उलटं झालं की काय होतं? ७४.२२ उत्तर आणि १६.६९ पूर्व हे ठिकाण नॉर्वे आणि स्वालबार्डच्या मधल्या समुद्रात आहे, बेअर बेटाच्या पश्चिमेला. म्हणजे अंबाबाईच्या देवळापाशी रिक्षा बोलावली आणि बर्फात पोचली. ओळखायची युक्ती सोपी आहे, महाराष्ट्रात अक्षांश कधी २३ च्या वर जात नाही आणि रेखांश कधी ७२ च्या खाली येत नाही, म्हणजे सत्तरीतला किंवा ऐंशीचा आकडा दिसला की तो रेखांशच. ही तपासणी बॉक्स काढायच्या आधी लावा, नंतर नको.

५. माझ्याकडं आकडे १६°४२' असे आहेत, मग १६.४२ लिहू का?

नको भावा! मिनिटाला ६० नं भागायचं. ४२ भागिले ६० म्हणजे ०.७०, म्हणून १६.७०. तुम्ही १६.४२ लिहिलं तर पॉइंट ०.२८ अंश खाली गेला, म्हणजे सुमारे ३१ किलोमीटर दक्षिणेला. तसंच ७४°१४' म्हणजे ७४.२३, ७४.१४ लिहिलं तर अजून दहाएक किलोमीटर पश्चिमेला. शहरातला पॉइंट राधानगरी-गारगोटीच्या पट्ट्यात गेला, आणि ही चूक प्रश्न ४ च्या तपासणीत सापडतच नाही कारण आकडा दिसायला महाराष्ट्रातलाच आहे. सेकंद पण असतील तर त्यांना ३६०० नं भागून त्यात मिळवा.

६. बॉक्स लईच मोठा येतोय, आफ्रिकेपर्यंत जातोय.

शून्य-शून्य. जिथं लोकेशन मिळालं नाही तिथं कुणीतरी रिकामं सोडायच्या ऐवजी ० भरलेलं असतं आणि ०, ० हे ठिकाण आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात आहे. असा एक पॉइंट यादीत असला तरी बॉक्स कोल्हापूरपासून तिथंपर्यंत ताणला जातो.

मागं एका कारखान्याच्या ऊस नोंदीची एक्सेल शीट आली होती, तीन हजारांच्या वर प्लॉट. नकाशा उघडला तर अख्खा अरबी समुद्र, अर्धी आफ्रिका, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका, तो आपला शिरोळ तालुका. मी तासभर प्रोजेक्शन तपासत बसलो, डेटम तपासला, चहा झाला दोन वेळा. शेवटी अक्षांशाचा कॉलम चढत्या क्रमानं लावला तर वरच्या अकरा ओळी शून्य. तेव्हापासून कुठलीही फाईल आली की आधी दोन्ही कॉलम सॉर्ट करून पहिल्या दहा आणि शेवटच्या दहा ओळी डोळ्यांनी बघतो, मग बाकीचं.

मुद्दा असा की बॉक्स फक्त टोकाचे पॉइंट बघतो. सरासरी एका चुकीच्या पॉइंटनं थोडी हलते, बॉक्स पूर्ण फाटतो. मोबाईलचा जीपीएस कधी कधी उडी मारतो, तसे पॉइंट भरपूर असतील तर टोकाचे एक-एक टक्का दोन्ही बाजूंनी सोडून बॉक्स काढता येतो, पण मग तो 'सगळे पॉइंट मावणारा' बॉक्स राहिला नाही हे समोरच्याला सांगा. पूरग्रस्तांची ठिकाणं असतील तर हे अजिबात करू नका, टोकाचं घर हेच कदाचित सगळ्यात अडचणीतलं असतं. तिथं एकेक बघूनच काढायचं.

७. बॉक्सच्या जागी 'नॅन' येतंय.

डेटात एखादी जागा आकडा नाही. जावास्क्रिप्टच्या मॅथ डॉट मिनला एक जरी नॅन दिला तरी उत्तर नॅन. उलट 'जर लहान असेल तर' अशी तुलना लिहिली असेल तर नॅन गुपचूप वगळला जातो, पण पहिलाच पॉइंट नॅन असला आणि त्यावरनंच सुरुवात केली (प्रश्न ३) तर पुढं काहीच बदलत नाही.

आपल्याकडचं एक खास कारण म्हणजे मराठी कीबोर्ड. गावातल्या पोरानं फॉर्ममध्ये १६.७० देवनागरी आकड्यात भरलं तर पायथन ते नीट वाचतं, पण जावास्क्रिप्टला ते कळत नाही, नॅन देतं. आधी आकडे बदलून घ्या.

आणि आकडे स्ट्रिंग म्हणून राहिले असतील तर तुलना अक्षरांची होते, किमतीची नाही. कोल्हापुरात सगळे रेखांश ७४ च्या आसपास म्हणून चालून जातं. बँकॉकचा १००.५ आला की तो ७४ पेक्षा लहान ठरतो, कारण १ हा ७ च्या आधी.

८. एकच पॉइंट असेल तर नकाशा एकदम गटारीपर्यंत झूम होतो.

होणारच, बॉक्सची रुंदी शून्य आणि उंची शून्य, त्यात मावेपर्यंत झूम म्हणजे शेवटपर्यंत झूम. लीफलेटच्या फिटबाउंड्सला जास्तीत जास्त झूम किती ते सांगता येतं, १५-१६ ठेवा. पॉइंट अगदी कडेला चिकटून मार्करचं डोकं कापलं जात असेल तर त्याच फंक्शनला पॅडिंग द्या. बॉक्सचे मूळ आकडे वाढवू नका, ते आकडे दुसरीकडं वापरले जातात आणि मग चार महिन्यांनी कुणालाच आठवत नाही की हे ०.०१ कुठनं आलं.

९. बॉक्सचा मध्य म्हणजेच पॉइंटांचा मध्य ना?

नाही. प्रश्न २ मधल्या बॉक्सचा मध्य येतो १६.७५, ७४.४०, म्हणजे हातकणंगल्याच्या पश्चिमेला चार-पाच किलोमीटर. पाच ठिकाणांची सरासरी येते १६.७४, ७४.३६, म्हणजे अजून चारेक किलोमीटर कोल्हापूरकडं, कारण पाचातली तीन ठिकाणं तिकडची. नकाशा स्क्रीनवर मधोमध बसवायला बॉक्सचा मध्य, गोडाऊन कुठं टाकायचं असं काही असेल तर सरासरी, आणि तिथंही रस्ते बघूनच.

१०. बॉक्स किती किलोमीटरचा हे कसं काढू? एक अंश म्हणजे १११ किलोमीटर ना?

अक्षांशाचा अंश साधारण १११, आपल्याकडं ११०.७ च्या आसपास. पण रेखांशाचा अंश उत्तरेकडं जाल तसा आखडतो, त्याला अक्षांशाच्या कोसाइननं गुणायचं. १६.७ अंशाचा कोसाइन ०.९५८, म्हणून कोल्हापुरात रेखांशाचा एक अंश सुमारे १०६.६ किलोमीटर.

प्रश्न २ चा बॉक्स: उंची ०.१२ अंश म्हणजे १३ किलोमीटर, रुंदी ०.५८ अंश म्हणजे ६२ किलोमीटर. नुसतं १११ नं गुणलं असतं तर रुंदी ६४ आली असती. आपल्याकडं फरक चार टक्क्यांचा म्हणून खपून जातं, नॉर्वेत खपणार नाही.

११. बिंदू चौकापासून १० किलोमीटरच्या आतली दुकानं पाहिजेत, बॉक्स कसा करू?

वरचंच उलटं करा. अक्षांशात १० भागिले ११०.७ म्हणजे ०.०९, रेखांशात १० भागिले १०६.६ म्हणजे ०.०९४. बिंदू चौक १६.६९, ७४.२३ धरला तर बॉक्स १६.६० ते १६.७८ आणि ७४.१४ ते ७४.३२.

पण हा चौकोन आहे, वर्तुळ नव्हे. कोपऱ्यावरचं दुकान १४ किलोमीटरवर असतं आणि बॉक्सचा पाचवा हिस्सा वर्तुळाच्या बाहेर राहतो. म्हणून आधी बॉक्सनं गाळा, मग जे उरतील त्यांचंच हॅव्हरसाइननं (गोल पृथ्वीवरचं अंतर काढायचं सूत्र) खरं अंतर काढा. सगळ्या राज्याच्या दुकानांचं अंतर काढत बसण्यापेक्षा हे कितीतरी पटीनं हलकं पडतं.

१२. मी कोल्हापूर जिल्ह्याचा बॉक्स लावला तर यादीत सांगलीची माणसं कशी आली?

हा माझा आवडता प्रश्न. जिल्हा पसरलाय १५°४३' ते १७°१७' उत्तर आणि ७३°४०' ते ७४°४२' पूर्व. किलोमीटरमध्ये साधारण १७३ उंच, ११० रुंद, म्हणजे १९ हजार चौरस किलोमीटर. जिल्ह्याचं क्षेत्रफळ ७,६८५. म्हणजे बॉक्समधला ४० टक्केच भाग कोल्हापूरचा, बाकीचा सगळा शेजाऱ्यांचा.

त्यात सांगली आली, मिरज आली, पश्चिमेला कणकवली आणि सावंतवाडी आली, आणि दक्षिणेला निपाणी आणि बेळगावसुद्धा. इतक्या वर्षांच्या वादात जे झालं नाही ते चार आकड्यांनी करून टाकलं. विनोद सोडा, पण मेसेज खरंच बेळगावला जातात, असं झालेलं बघितलंय.

बॉक्स म्हणजे हद्द नव्हे. बॉक्स फक्त एवढंच खात्रीनं सांगतो की जो पॉइंट बॉक्सच्या बाहेर तो जिल्ह्याच्या बाहेर. आत असला तर 'कदाचित'. त्या कदाचितसाठी जिल्ह्याचा खरा पॉलिगॉन, म्हणजे हद्दीचा वाकडातिकडा आकार, घेऊन पॉइंट आत आहे का तपासा. पोस्टजीआयएससारखे नकाशाचा डेटा ठेवणारे डेटाबेस आतून असंच काम करतात, आधी बॉक्सनं भराभर गाळतात आणि उरलेल्यांवर खरी भूमिती लावतात, त्यांच्या इंडेक्सच्या (भराभर शोधायच्या सूचीच्या) मुळाशी जी आर-ट्री ही रचना आहे ती गटमननं १९८४ मध्ये मांडली, ती सगळी बॉक्समधल्या बॉक्सवर उभी आहे.

१३. प्लॉट तिरका आहे, बॉक्समध्ये निम्मी जागा वाया जाते. तिरका चौकोन काढता येतो का?

येतो. नदीकाठच्या पट्ट्या, हायवेच्या कडेचे प्लॉट यांना तोच बरा. फ्रीमन आणि शपिरा यांनी १९७५ मध्ये दाखवलं की सगळ्यात कमी क्षेत्रफळाच्या चौकोनाची एक तरी बाजू पॉइंटांच्या कॉन्व्हेक्स हलच्या एका बाजूवर बसते. हल म्हणजे सगळ्या पॉइंटांभोवती रबर ताणून सोडला तर जो आकार राहील तो. म्हणून हलची एकेक बाजू घ्यायची, तिच्याप्रमाणं सगळं फिरवून साधा बॉक्स काढायचा, सगळ्यात लहान तो ठेवायचा.

फक्त हे अंशांवर करू नका! प्रश्न १० मध्ये बघितलं तसं दोन्ही दिशांचे अंश सारखे नाहीत, फिरवल्यावर काटकोन काटकोन राहत नाही. आधी मीटरमध्ये आणा, त्यासाठी यूटीएम ही मीटरमधली पद्धत वापरा, कोल्हापूर तिच्या ४३ उत्तर झोनमध्ये येतं, सॉफ्टवेअरमध्ये निवडायचा ईपीएसजी कोड ३२६४३. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'मिनिमम बाउंडिंग जिओमेट्री' नावाचं टूल आहे, त्यात हा पर्याय तयार मिळतो.

१४. नवीन पॉइंट आला किंवा जुना काढला तर परत सगळं मोजायचं का?

आला तर नाही, चार तुलना करा आणि पुढं चला. दोन बॉक्स एकत्र करायचे असतील तरी तेच, किमानांतलं किमान, कमालांतलं कमाल. काढला तर बघायचं की तो कडेवर होता का. जोतिबासारखा आतला असेल तर बॉक्स तोच, पन्हाळा काढला तर मात्र सगळे परत बघावे लागतात.

१५. पॉइंट नाहीत, रेषा आहेत. टोकांचा बॉक्स पुरेल?

रस्त्याला मधले वळणाचे सगळे पॉइंट घ्या, नुसती टोकं नको. विमानाच्या मार्गासारखी लांब रेषा असेल तर अजून एक भानगड, पृथ्वीवरचा जवळचा मार्ग उत्तर गोलार्धात उत्तरेकडं फुगतो, त्यामुळं तो दोन्ही टोकांच्या अक्षांशांच्या वर जाऊ शकतो. आपल्या अक्षांशावर १०० किलोमीटरच्या पूर्व-पश्चिम रेषेत हा फुगवटा ६० मीटरच्या आसपास, म्हणजे जिल्ह्यातल्या कामाला विसरून जा.

१६. १८० रेखांश ओलांडणारा डेटा आला तर?

कोल्हापुरात बसून हे कशाला लागेल असं मलाही वाटायचं, मग एका पोराचं फिजीचं काम आलं. फिजी १७७ पूर्व ते १७८ पश्चिम अशी पसरलीय, म्हणजे ५ अंश. पश्चिम म्हणजे उणे, त्यामुळं साधं किमान-कमाल लावलं की जवळपास उणे १८० ते १८० असा ३६० अंशांचा बॉक्स येतो, अख्खं जग आत आणि फिजी दोन्ही कडांना.

इथं रेखांश ओळीनं लावा, गोल फिरून शेजारच्या दोघांमधली सगळ्यात मोठी मोकळी जागा शोधा, आणि त्या जागेच्या पलीकडं बॉक्स सुरू करून अलीकडं संपवा. मग पश्चिमेचा आकडा १७७ आणि पूर्वेचा उणे १७८ येतो. पश्चिम पूर्वेपेक्षा मोठा दिसतोय ही चूक नाही, प्रश्न ४ मधल्या आरएफसीत हीच पद्धत आहे. फक्त 'आत आहे का' ही तपासणी बदलते, पश्चिमेपेक्षा मोठा 'किंवा' पूर्वेपेक्षा लहान. ध्रुव आत येत असेल तर रेखांश सरळ उणे १८० ते १८० ठेवा आणि त्या बाजूचा अक्षांश ९०.

१७. मला कोडिंग येत नाही, एक्सेलमध्ये होईल का?

होईल की. अक्षांशाच्या कॉलमवर मिन आणि मॅक्स, रेखांशाच्या कॉलमवर मिन आणि मॅक्स, चार सेल. एवढंच बघा की जे आकडे सेलमध्ये डावीकडं चिकटलेत ते बहुतेक टेक्स्ट आहेत, मिन-मॅक्स त्यांना न सांगता वगळतं, एरर पण देत नाही. पन्हाळ्याची ओळ टेक्स्ट राहिली तर बॉक्स जोतिबापर्यंतच येतो आणि दिसायला एकदम बरोबर दिसतो. म्हणून शेजारी काउंटचा फॉर्म्युला टाका, ओळी जेवढ्या तेवढाच आकडा यायला पाहिजे, कमी आला तर कुठली तरी ओळ टेक्स्ट आहे नाहीतर रिकामी, ती शोधा.